तुमच्या परसातली पंधरा अंडी

गुरुजी, तुमच्याविषयी माझ्या मनात आदर उरलेला नाही, हे आधी लिहून टाकते. तुम्ही जाऊन आठ वर्षे झाली. गेलेल्या माणसाविषयी कडू बोलू नये असे तुम्हीच आम्हाला शिकवले होते, पण तुम्ही शिकवलेल्या सगळ्याच गोष्टी तुम्ही तरी कुठे पाळल्या?

छप्पन साली आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बाबांनी मला नेरजवळच्या आमच्या गावाहून यवतमाळला तुमच्या घरी आणून सोडले. लोहाऱ्याच्या रस्त्याला, वस्ती संपते तिथे तुमचे घर होते आणि घरापेक्षा त्याचे परस मोठे होते. वांगी, मेथी, कोथिंबीर, कुंपणाला वाल, विहिरीकडेला पपई आणि कोपऱ्यात कोंबड्यांचे खुराडे. धान्य अपुरे पडण्याचे ते दिवस होते आणि शिकलेल्या माणसाने आपल्या परसात पिकवून दाखवावे असे तुम्ही वर्गात सांगत असा. दाखवत तुम्ही होता. पिकवत मी होते. पहाटे खुराडे झाडायचे, विष्ठा राखेत कालवून वाफ्यांना घालायची, विहिरीचे तीस पोहरे ओढायचे आणि मग शाळा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. शेतकऱ्याच्या मुलीला कामाचे काय? मला मॅट्रिकला बसायचे होते आणि त्यासाठी शहरात एक छप्पर हवे होते. बाबा म्हणाले होते, "तू पास झाली की धाकटीलेबी इथंच आनून ठेवतो." म्हणजे त्या छपराला एकटीचे नव्हे, दोघींचे भवितव्य टांगलेले होते, आणि मी सोळा वर्षांची असले तरी हे मला पुरते ठाऊक होते.

त्या वर्षी पौषात तुम्ही सरकारी कुक्कुटपालन केंद्रातून विलायती जातीची पंधरा अंडी आणलीत. पांढरीशुभ्र. आपली गावठी लाल कोंबडी तेव्हा खुडुक झाली होती, अंडी न देता नुसती फुगून बसायची. तुमच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, टोपलीत भुसा पसरला, प्रत्येक अंड्यावर कोळशाने रेघ ओढली आणि कोंबडीला त्यांवर बसवले. मला बजावले, "अडचणीच्या दिवसात इकडं फिरकू नको वं. बसोलेल्या अंड्याले सावलीबी चालत नाही." तुम्ही ओट्यावरून हसलात. "निसर्ग कुणाचा विटाळ मानत नाही," म्हणालात. मला त्या क्षणी तुमचा अभिमान वाटला होता. तो अभिमानच आज सर्वांत जास्त बोचतो.

दहाव्या दिवशीची सकाळ मला लख्ख दिसते. मी वांग्यांना पाणी घालते आहे. हिवतापाच्या फवारणीवाल्यांकडून मिळालेली डीडीटीची भुकटी एका डब्यात घेऊन तुम्ही येता. कोंबडीला पिसवा झाल्या आहेत म्हणून तिला पंख धरून उचलता आणि तिच्यावर, टोपलीत, अंड्यांवर ती भुकटी शिंपडता. कोंबडी किंचाळत सुटते आणि भिंतीवर चढून बसते. दुपारी ती उतरत नाही, संध्याकाळीही नाही. बोचऱ्या थंडीत अंडी उघडी पडली आहेत. मी हात लावून पाहते आणि तुमच्याकडे येऊन सांगते, "गुरुजी, अंडी गार पडली." पुस्तकातून मान वर न करता तुम्ही म्हणता, "जनावराला आपले कर्तव्य कळते. तू अभ्यासाला बस." मी टोपलीवर पोते टाकून अभ्यासाला बसले. कोंबडीला कर्तव्य कळले ते दुसऱ्या दिवशी, ऊन चढल्यावर.

एकविसाव्या दिवशी तुम्ही शाळेतल्या दोन शिक्षकांना पिल्ले पाहायला बोलावलेत. एकाने चहा पिता पिता विचारले, "काय हो, ही विलायती पिल्लं इंग्रजीत चिवचिवतील का?" तुम्ही म्हणालात, "फुटू तर द्या, शिकवणी मीच लावीन." सगळे हसले. दुपार टळली तरी एकही अंडे फुटेना. शेवटी काकूंनी एक फोडले आणि परसभर दुर्गंध पसरला. दुसरे, तिसरे, सगळी तशीच. काकू कडाडल्या, "मी त म्हनतच होती! पुस्तक घेऊन रोज खुराड्यापाशी बसते हे. कायले बसते वं तिथं? घरात जागा नाही?"

एवढे मी सहन केले असते. काकूंनी विटाळ नाही असे कधी म्हटलेच नव्हते. पण पाहुण्यांपुढे तुमची मान खाली जात होती, आणि तुम्ही माझ्याकडे वळून अगदी मृदू, वर्गातल्या आवाजात विचारलेत, "मुली, त्या दिवसांत तू इकडे आली होतीस का?"

त्या एकवीस दिवसांत माझी पाळी आलीच नव्हती, गुरुजी. एवढे एक वाक्य बोलायचे होते, पण तीन पुरुषांसमोर ते बोलण्यापेक्षा मी विहिरीत उडी घेतली असती, हे मला पाहताक्षणी तुम्हाला कळले असणार. माझा संकोच तुमच्या परिचयाचा होता. फळ्यापाशी बोलावले की मी वर्गाकडे पाठ करूनच बोलत असे. मी खाली पाहत राहिले. माझे मौन होकार म्हणून स्वीकारले गेले आणि तुम्ही उसासा टाकून पाहुण्यांना आत नेलेत.

त्यानंतर चौथ्या दिवशी बाबा आले, तुमच्यासाठी तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन. काकू म्हणाल्या, "तुमची पोरगी ठेवनं आता आमच्यानं होनार नाही." बाबांनी हात जोडले. "लेकरू हाय, गुरुजी. चुकलं असंन. परीक्षा होऊ द्या, मंग नेतो." तुम्ही म्हणालात, "घरातल्या बायकांच्या गोष्टीत मी पडत नाही."  बसमध्ये बाबा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "अशा गोष्टी मायले इचारत जाय वं माय. कोनाच्या घराचं नुसकान करू नये."

मी ज्वारीच्या खळ्यावर बसून वाचले आणि मॅट्रिकला शाळेत पहिली आले. सत्कारात तुम्ही हार घालून म्हणालात, "ही माझ्या परसात घडलेली मुलगी." टाळ्या पडल्या आणि मी वाकून तुम्हाला नमस्कार केला. त्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात. धाकटीला मात्र बाबांनी गावाबाहेर शिकायला पाठवले नाही. "लोकाच्या घरी पोरगी ठेवली का बोल लागते," म्हणाले. ती सातवीत थांबली. तिच्या मुलाला त्याचे पहिले पुस्तक मी नेऊन दिले तेव्हा तिने ते उलटे सुलटे करून पाहिले आणि म्हणाली, "तुलेच बरं जमलं." त्यातला टोमणा मी ऐकून घेतला. तो खरे तर तुमच्या पत्त्यावर जायला हवा होता.

मी आता उमरखेडला मुलींना मराठी शिकवते. गेल्या महिन्यात आपल्या शाळेकडून पत्र आले. तुमच्या नावाची स्मरणिका निघते आहे, तुमच्या घरी राहिलेल्या विद्यार्थिनीने दोन पाने लिहावीत. बाबा ती स्मरणिका कुणाकडून तरी वाचून घेतील. अंडी कशाने नासली हे त्यांना कळण्याची याहून चांगली संधी मला पुन्हा मिळणार नाही, हे मी पाने लिहिताना जाणून होते. मी वाफ्यांविषयी लिहिले, तुमच्या शिस्तीविषयी लिहिले, विटाळाला तुम्ही हसलात तेही सुंदर शब्दांत लिहिले. डीडीटीचा डबा मात्र वगळला. पाकीट परवा टपालात टाकले आणि त्यानंतरच हे पत्र लिहायला धजले.