सगळ्यात मोठं अक्षर

३ फेब्रुवारी

डावा डोळा कधीच गेला, आता उजवाही निघालाय. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "उन्हाळाभर वाचून घ्या." काय ती दिलदारी! घरात कुणाला सांगितलेलं नाही. तीन भागांची कादंबरी हाती घेतलीय, दुसरा भाग चाललाय, नायक घर सोडून निघून गेलाय. संपवणार म्हणजे संपवणार.

लेकीने दिलेल्या ई-रीडरवर सगळ्यात मोठं अक्षर लावलं. तेही पुसट! जन्मभर प्रुफं तपासली, आणि आता माझं अक्षर केवढं ते कंपनी ठरवणार.

५ फेब्रुवारी

जावई म्हणाले, "आई, जेलब्रेक करू." म्हटलं, आत कोण जाणार, तुम्ही की मी? हसले नाहीत. तासभर प्रवचन. यंत्र आपलं, पण कुलूप कंपनीचं. जुन्या व्हर्जनमध्ये एखादी फट राहिलेली असते. वायफाय बंद ठेवायचं, केबल लावून त्या फटीतून एक फाइल आत सरकवायची, यंत्र बंद करून चालू करायचं — की ते बिचारं आपल्याला मालक मानतं. मग अक्षर हवं तेवढं.

विकत घेतलेल्या वस्तूत चोरासारखं शिरायचं! छान.

९ फेब्रुवारी

झालं! जावयांनी दोनदा घाम पुसला, एकदा "मेलं बहुतेक" म्हणाले, पण झालं. एका ओळीत तीन शब्द, दुकानाच्या पाटीसारखे. दिवसभर वाचत बसले. जावई गुणी आहेत — हे फक्त इथे.

"अपडेट अडवायची फाइल तेवढी राहिलीय, रविवारी टाकतो," म्हणाले.

१२ फेब्रुवारी

रविवारच्या आधी लेक आली. तिला कुणाच्याही हातात जुनं काही बघवत नाही. "आई, वायफाय बंद काय ठेवतेस? किती जुनं व्हर्जन! अपडेट करून दिलं हं."

कंपनीने फट लिंपली. अक्षरं पुन्हा मुंगीएवढी. नवरा-बायको स्वयंपाकघरात भांडतायत, दबक्या आवाजात, म्हणजे मला शब्दन् शब्द ऐकू येतोय. जावई म्हणतात, नवी फट कुणीतरी शोधेलच. थंडीपर्यंत.

थंडीपर्यंत!

१३ फेब्रुवारी

डॉक्टरांचं सांगून टाकलं. वाटलं, लेक रडेल. तिने यंत्र ओढून घेतलं आणि मोठ्याने वाचायलाच लागली. उच्चार भयंकर! स्वल्पविराम गिळते. टोकलं. पुन्हा टोकलं. तर माझ्यावरच खेकसली — "गप्प बस गं आई, तो परत येतो की नाही ते बघू दे."