ऑगस्टची वही

४ फेब्रु., मंगळ. चँडलर
आज चेन आला. हे गेल्यानंतर पहिल्यांदाच. हातात संत्र्यांची पिशवी, बूट दारातच काढले. एका बॅगेनिशी चीनहून अमेरिकेत आलेला माणूस. आमच्या गॅरेजमध्ये ह्यांच्यासोबत चिप तपासायचं पहिलं मशीन उभं केलं, आज केवढी कंपनी. आता त्याच्या आयुष्यावर पुस्तक निघतंय म्हणे. ह्यांच्या त्या वर्षाच्या रोजनिशा हव्यात. "अरविंद मराठीत लिहायचा. सुलभा, तुम्ही वाचून दाखवा." इतक्या वर्षांनी? मला नाही पटलं.

५ फेब्रु.
गौरीला फोन. लेक म्हणाली, "आई, जस्ट से नो. ही वॉन्ट्स द क्रेडिट." खरंच आहे. मशीनचं डिझाइन ह्यांचं, फोटो मात्र सगळीकडे चेनचा. हे कधी चकार शब्द बोलले नाहीत. मीच धुमसत राहिले.
तरी वाचणार. त्याच्या तोंडावर.

९ फेब्रु., रवि.
मे महिना वाचला. बंद कारखान्यांच्या लिलावातून उचललेले पार्ट चेन टूथब्रशने घासत बसायचा, ते ऐकून खूप हसला. 'आज मी बसवलेल्या मशीनच्या हाताने चिप नीट उचलली' हे मी मुद्दाम दोनदा वाचलं. त्याने नुसती मान डोलावली. लबाड.
जाताना म्हणाला, "ऑगस्टचीही आहे ना?"
ऑगस्टच का?

१० फेब्रु.
सापडली. टॅक्सच्या फायलींमागे. ह्यांनी लपवली होती? अक्षर घाईचं. गुरुवार: 'चेनची ड्रॉइंग्ज उतरवून घेतली. उद्या त्या दुसऱ्या कंपनीत दाखवतो. नोकरी पक्की, ग्रीन कार्डही. त्याला कळता कामा नये.'
चेनची ड्रॉइंग्ज.
चष्मा पुसून परत वाचलं. पान उलटवेना. स्वयंपाक केला नाही.

१३ फेब्रु.
गौरी: "सो? प्रूफ मिळालं?" मिळालं म्हटलं. पुढचं न सांगताच फोन ठेवला. ह्यांचा भयंकर राग आलाय, आणि भांडू कुणाशी?
चेनला माहीत आहे? माहीत असून एवढी वर्षं ह्यांच्या शेजारी बसून माझ्या हातच्या पोळ्या खाल्ल्या? की आता पुस्तकात ह्यांचे वाभाडे काढणार?

१६ फेब्रु., रवि.
मी जुलैच वाचत राहिले, सावकाश. त्याने थांबवलं. "ऑगस्ट."
मग स्वतःच बोलला. "ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी संशय आला म्हणून मी त्याच्या मागे गेलो होतो. अरविंद दुसऱ्या एका कंपनीच्या पार्किंगपर्यंत गेला आणि परत फिरला. माझी गाडी पाहिली म्हणून, की त्याचं मन बदललं होतं म्हणून? मी विचारलं नाही, तो बोलला नाही. पुस्तकासाठी नाही, सुलभा. मला कळायला हवंय."
हे परत फिरले, आणि पुस्तकासाठी नाही, दोन्ही गोष्टी मला खऱ्या वाटेनात. तरी शुक्रवार उघडला.
पान कोरं.
त्याला मराठी येत नाही. मी काहीही वाचलं असतं तरी चाललं असतं. 'मन बदललं' असं ओठांवर आलंही होतं. कोरं पान हाताने झाकलं आणि म्हटलं, अक्षर फार बारीक आहे, पुढच्या रविवारी वाचते.
"हो," म्हणाला. माझ्या हाताकडे बघत होता.