शनिवारी आलेली तलवार

लातूर,
ज्येष्ठ वद्य, रविवार

तीर्थस्वरूप माणिकप्पाअण्णा यांना विरूपाक्षचे शरणार्थ.

तुमचा गुडघा कसा आहे, रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता का, नायगावला पाऊस झाला का, हे प्रश्न मी दर वेळी फोनवर विचारतो आणि तुम्ही दर वेळी "हाव, ठीक हाय" म्हणून फोन सिंधुवहिनींच्या हातात देता. म्हणून या खेपेला पत्र लिहितो आहे. (पत्रही वहिनींच्या हातात देता येतं, पण निदान आधी फोडावं तरी लागतं.) वहिनींकडून कळलं की महानंदा गेल्यापासून तुम्ही दुकानाची पायरी चढला नाहीत, नोकरच गिऱ्हाइकांना कापड फाडून देतात आणि तुम्ही माडीवर भिंतीकडे तोंड करून पडलेले असता. मी तिचा नवरा, तुम्ही तिचे थोरले भाऊ. आपल्या तिघांत बोलणारी ती एकटीच होती. त्यामुळे या वर्षभरात तुम्ही आणि मी एकमेकांशी काही बोललो नाही, यात नवल नाही.

वहिनींनी आणखी एक सांगितलं. तुमच्या कानावर असं आलं आहे म्हणे, की विरूपाक्षच्या डोक्यावर परिणाम झाला असून तो तलवार घेऊन मारुतीच्या देवळात फिरत होता. अण्णा, यातली तलवार खरी आहे आणि मारुतीही खरा आहे. बाकीचं मी सविस्तर लिहितो.

आमच्या गल्लीत दातांचे डॉक्टर फरहान आहेत, माझे जुने विद्यार्थी. (भौतिकशास्त्रात बरे होते.) हैदराबादला शिकत असताना ते युरोपातली जुनी तलवारबाजी शिकून आले आणि आता लातुरात चारपाच जणांना शिकवतात. संक्रांतीनंतर माझी दाढ दुखायला लागली तेव्हा, माझ्या तोंडात त्यांचं यंत्र चालू असताना, त्यांनी विचारलं, "सर, घरात बसून काय करून राहिलात? तलवार शिकायला येता का?" त्या अवस्थेत माणसाला नाही म्हणता येत नाही. सराव औसा रोडच्या एका मंगल कार्यालयात चालतो, पण फक्त लग्न नसेल त्या दिवशी. त्यामुळे सगळं लातूर पंचांगात मुहूर्त शोधतं आणि आमची मंडळी मुहूर्त नसलेले दिवस शोधतात. तुळशीच्या लग्नापासून आमचे हाल सुरू होतात म्हणे. आषाढी झाली की मात्र हॉल आमचाच. नवरानवरीच्या दोन लाल खुर्च्या कोपऱ्यात सरकवायच्या आणि सुरुवात करायची.

आम्ही वापरतो त्या तलवारीला रेपियर म्हणतात. सरळ, लांब, छडीसारखी बारीक, आणि मुठीपुढे हात झाकायला लोखंडी वाटी. जुन्या काळी ही भोसकायला वापरत. आमची सरावाची, म्हणून धार नाही, टोकावर रबराची टोपी, आणि समोरच्याच्या छातीला टेकली की पातं वाकलं पाहिजे. नाही वाकलं तर फासळी वाकते. फरहानकडच्या तिन्ही तलवारी मी हाताळून पाहिल्या. पहिली इतकी लांब की वळताना तिचं टोक कार्यालयाच्या झुंबरात अडकलं. दुसरी टोकाकडे जड, दोन मिनिटांत मनगट भरून आलं. तिसरी इतकी लवचीक की मी एकीकडे नेम धरला आणि ती दुसरीकडे गेली. मी तीस वर्षं गुरुत्वमध्य शिकवला, पण तो मनगटाला कळतो हे मला साठीला आल्यावर समजलं. आपल्याला हवी ती तलवार वाटीच्या पुढे चार बोटांवर तोलली गेली पाहिजे, आणि टोक जमिनीला टेकवलं तर मूठ काखेच्या वर जाता कामा नये. हे एकदा समजल्यावर मला दुसरं काही सुचेना. जेवताना मी चमचाही बोटावर तोलून पाहू लागलो.

मग मी आधी एक चूक केली. कुणाला न विचारता बसने नांदेडला गेलो आणि गुरुद्वाऱ्याजवळच्या दुकानांत चौकशी केली. तिथे तलवारी काय सुंदर असतात. मी म्हणालो, मला धार नसलेली, वाकणारी, बोथट टोकाची पाहिजे. दुकानदार सरदारजींनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हळू आवाजात विचारलं, "काका, नवरदेवाच्या हातात द्यायची का?" मला इतका संकोच वाटला की मी हो म्हणालो. लाल मखमली म्यानाची, सोनेरी गोंड्याची तलवार घेऊन घरी आलो. ती वाकत नाही, तोलली जात नाही, आणि नवरदेव कुणीही नाही.

शेवटी फरहाननी डेहराडूनच्या कारागिराकडून मापाची मागवून दिली. ती गेल्या महिन्यात आली, नेमकी शनिवारी. मला घरात जाईपर्यंत दम निघेना, म्हणून फाटकाबाहेरच खोका उघडला आणि तलवार बोटावर ठेवली. अण्णा, बरोबर चार बोटं. भर रस्त्यात मी एकटाच हसत उभा होतो. मग आठवलं की शनिवार आहे. महानंदा शनिवारी लोखंडाचा खिळासुद्धा घरात आणू देत नसे. वाराचा आणि लोखंडाचा काही संबंध नाही, हे मी तिला तीस वर्षं समजावलं. ती वाद घालत नसे, फाटकाला कडी लावत असे. आता कडी लावणारं कुणी नाही, तरी माझा पाय आत पडेना. तीस वर्षं हरलेला वाद मी एकट्याने पुन्हा हरलो. तलवार समोरच्या मारुतीच्या ओट्यावर ठेवली आणि उद्या सकाळी नेऊ म्हणून जेवायला गेलो.

शनिवारी मारुतीला गर्दी असते हे माझ्या ध्यानातच आलं नाही. संध्याकाळी पाहतो तर तलवारीला तेल, शेंदूर, रुईच्या पानांची माळ, आणि समोर डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांची रांग. मी गुरव बजरंगला म्हणालो, ही माझी आहे. तो म्हणाला, "देवाला वाहिलेली चीज वापस न्हाई मिळत, सर. आन् लोक नवस बोलून राहिले तिला." मी वाहिली नाही, ठेवली होती, असं सांगितलं. त्यावर तो म्हणाला की सगळेच आधी ठेवतात. बरीच बोलणी झाली. अखेर रविवारी सकाळी मी नांदेडची मखमली तलवार देऊन माझी सोडवून आणली. बजरंग खूश झाला, देवाला हीच शोभते म्हणाला. हीच ती मारुतीची हकीकत. (फरहान म्हणतात, तेल लावलं ते बरंच झालं, गंज धरणार नाही.)

परवा माझा पहिला सामना झाला, फरहानच्या बहिणीशी. हुमा कॉलेजात आहे आणि तिला दयामाया नाही. अंगात खातूनबींनी, म्हणजे त्यांच्या आईने, गादीच्या कापसाचं शिवलेलं जाकीट, तोंडावर जाळीचा मुखवटा. त्या जाळीमागे कुणी "कसे आहात" म्हणून विचारत नाही, हे मला फार बरं वाटलं. पण तिथला एक रिवाज मला ठाऊक नव्हता. पंच नसतो. ज्याला लागली त्यानेच हात वर करून सांगायचं. पहिल्या वेळी मी सवयीने गप्प राहिलो. हुमा थांबली. म्हणाली, "सर, लागली ना? मग सांगा की." मी हात वर केला आणि म्हणालो, लागली. पुन्हा लागली, पुन्हा सांगितलं. घामाने निथळत होतो. वर्षभर मी भेटेल त्याला ठीक आहे, ठीक आहे म्हणत आलो. त्या दिवशी घरी आलो आणि पहिल्यांदा महानंदाच्या फोटोसमोर बसून जेवलो.

तुम्ही माझी काळजी करू नये. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
विरूपाक्ष

ता. क. एक लिहायचं राहिलं. (राहिलं नाही, धीर होत नव्हता.) डेहराडूनला मी दुसरी तलवार सांगितली आहे, माझ्या तलवारीपेक्षा दोन इंच आखूड. माप फोटोवरून काढलं. प्रत्येक लग्नाच्या फोटोत तुम्ही आणि महानंदा खांद्याला खांदा लावून उभे आहात, आणि तिची उंची मला पाठ आहे. आषाढीनंतर या. त्या घरात पाय ठेववत नाही असं तुम्ही वहिनींना म्हणालात, ते मला कळतं. घरी येऊ नका. थेट मंगल कार्यालयात या.

ता. क. २. गुडघ्याचं कारण सांगू नका, फरहाननी तुमच्यासाठी जागेवरून खेळायचा प्रकार काढला आहे. जाकिटाचं माप वहिनींनी तुमच्या जुन्या कोटावरून घेऊन खातूनबींना मागेच कळवलं आहे आणि कापूसही भरून झाला आहे. तेव्हा नाही म्हणायचं असेल, तर मला कळवण्याआधी वहिनींना सांगून पाहा.