दोन तास दहा मिनिटं

सूनबाई,

मी ताईकडे निघाले आहे. तिकीट धाकट्याने काढून दिलं. दूध तापवून ठेवलंय.

काल तू मोबाइलवर बघून म्हणालीस, "अहो आई, विमानाने दोन तास दहा मिनिटं! मावशी काय चंद्रावर राहतात?" तेव्हा मी हसले, पण रात्रीच धाकट्याला तिकीट काढायला सांगितलं. ताईने अंथरूण धरल्याला चार वर्षं झाली. दर फोनला मी सांगत आले, "एवढा वेळ बसवत नाही गं, गुडघे धरतात." आणि कीर्तनाला तीन-तीन तास मांडी मोडत नाही माझी. आज देवापुढे हात जोडतानासुद्धा मान वर झाली नाही.

तिला आधी कळवू नकोस. ती पहिल्यांदा माझ्या गुडघ्यांचीच चौकशी करेल, आणि मग माझं विमानात पाऊल पडायचं नाही.

— आई