मशीनशेजारची खुर्ची

१९ ऑक्टो. २००७, शुक्र.
ताटांचं स्टँड आजही बाहेरच्या खोलीत. त्यात गाण्यांच्या रेकॉर्डी वाळत घातल्यात आणि माझी ताटं ओट्यावर एकावर एक. ह्यांना म्हटलं, जेवायलाही रेकॉर्डीवरच वाढू का? हे रेकॉर्ड पुसत राहिले. मशीन सुरू झालं की ह्यांना बायको आहे हे आठवत नाही.

मशीन म्हणजे स्टीलची खोल टाकी. पाणी थरथरवून दागिने धुवायची, कोल्हापूरच्या एका सोनाराने काढून टाकलेली. हे फोंडाघाटातून एसटीने मांडीवर घेऊन आले. आमच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातलं घड्याळं मांडायचं फिरतं स्टँड मोडलं, त्याची मोटर टाकीवर बसवली. आता तिथे रेकॉर्ड फिरते, कड पाण्यात, मधला कागद कोरडा. बटण दाबलं की चिर्र... डोक्यातच जातो तो आवाज. मांजर परसात पळतं. हे मात्र टाकीला नाक लावून बसतात.

श्रावणात दुकानाला कुलूप लावलं. म्हणाले, "मोबाइल इल्यार घड्याळ कोण घालता?" मनात म्हटलं, बरं झालं, चार घटका घरात बसतील. बसले. फि.बाईबरोबर.

२३ ऑक्टो., मंगळ.
फि. म्हणजे फिलोमिनाबाई. चर्चच्या मागे राहते. मुंबईला शाळेत गाणं शिकवायची, नवरा गेल्यावर गावी आली. दोन ट्रंका रेकॉर्डी, पावसाने बुरशी धरलेल्या. दर मंगळ-शुक्र थोड्या घेऊन येते.

ती यायच्या आधी हे वेताची खुर्ची पुसून मशीनशेजारी ठेवतात. माझ्यासाठी खुर्ची पुसल्याचं मला आठवत नाही.

रेकॉर्ड धुऊन झाली की लावायची, आणि हे विचारणार, "आता कसा वाटता?" ती डोळे मिटून ऐकते. "मदी जरा कचकचता. परत घाल रे, अनंता."

अनंता! मी लग्नानंतर उखाण्याशिवाय नाव घेतलं नाही. आणि हे लगेच टाकीत घालतात परत. मी कढीत मीठ कमी आहे म्हटलं तर दुपारपर्यंत तोंड पाडून बसतात.

३० ऑक्टो., मंगळ.
कुकर लावून मी विहिरीवर. ह्यांना सांगून गेले, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा. आले तर घरभर धूर, डाळीचा कोळसा. फि. फाटकातून आत येत होती, म्हणजे अजून आलीही नव्हती. नुसती येणार म्हणून हे एवढे हरवलेले!

बोलले खूप. हे कुकर घासत बसले.

२ नोव्हें., शुक्र.
फि. आली नाही. त्यांचा मेलेल्यांचा दिवस, नवऱ्याच्या कबरीवर मेणबत्ती लावायला गेली असणार. हे दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. मशीन चालूच केलं नाही. "तिच्या नाहीत तर आपल्या धुवा की," मी म्हटलं. आमच्या लग्नाच्या वर्षी घेतलेली भावगीतांची रेकॉर्ड पेटीत तळाला आहे. तिच्यावर केव्हाची धूळ. "बघूया," म्हणाले.

जळते मी. लिहूनच टाकते. या वयात, आणि त्या बाईवर, जिचे केस माझ्याहून पांढरे.

६ नोव्हें., मंगळ.
लोडशेडिंगची वेळ बदलली. सकाळी लाइट नाही, म्हणजे मशीन नाही, म्हणजे फि. नाही. सगळं गाव सरकारला शिव्या घालतंय. मी गुपचूप करंज्या तळल्या आणि ह्यांना गरम गरम दिल्या.

२३ नोव्हें., शुक्र.
सकाळची लाइट परत आली, तशी फि.ही. तिने नाताळचा झगा शिवायला टाकला. जांभळं कापड, भारी. "तुझ्याच हातचो होयो, सुमन." घेतला. नाही कसं म्हणणार, ब्लाउजं शिवते हे सगळ्या बाजारपेठेला माहीत. कापड कपाटात अगदी खाली ठेवलं आहे. राहू दे तिथेच.

ह्यांना आतून तीन हाका मारल्या, चहा झाला म्हणून. ओ नाही. फि.ने हात लावून सांगितलं तेव्हा उठले. हात लावून.

४ डिसें., मंगळ.
कापड शेवटी काढावंच लागलं. आज मापाला घातला झगा. हे बॅटरीचं पाणी आणायला गॅरेजवर गेले होते. टाकीत तेच लागतं, विहिरीच्या पाण्याचे डाग पडतात. फि. उभी, मी खाली बसून घेर टाचत होते, तोंडात टाचण्या. तर बाई आपली बोलतेय,

"तुझो घोव बरो माणूस गो. कान गेले तरी हात तसोच आसा."

मी वर बघितलं.

"बारीक आवाज ऐकाक येणत नाय मां त्याका. घड्याळाची टिकटिक ऐकाक येयनाशी झाली, तेवा दुकान बंद केल्यान. रेकॉर्ड साफ झाली काय नाय ता त्याका कळणा नाय, म्हणान माका बसवता. तुका ठावक आसाच."

तोंडात टाचण्या. मान हलवली. म्हणजे हो, ठाऊक आहे.

टाचणी लागली तिला. मुद्दाम नाही. बहुतेक.

खरं लिहायचं तर ह्यांचे कान गेल्याचं दुःख आधी झालंच नाही. आधी हेच, की तिला सांगितलं. मला मोबाइलची गोष्ट आणि तिला खरी.

५ डिसें.
झोप नाही. कुकर. तीन हाका. ते चिर्र, ज्याने मांजर पळतं. सगळं समोर होतं आणि मी फक्त त्या बाईकडे बघत होते.

मला का नाही सांगितलं? मी रडले असते, कुडाळला डॉक्टरकडे ओढून नेलं असतं, नणंदेला फोन केला असता, चार घरी कळलं असतं. हो. केलं असतं हे सगळं. पण तरी...

सकाळी हे पाठमोरे असताना हळूच म्हटलं, "अनंता." पहिल्यांदाच. दाढी करत राहिले.

११ डिसें., मंगळ.
फि. आरोंद्याला बहिणीकडे, शुक्रवारी येणार. मला वाटलं मशीन बंदच राहील. पण ह्यांनी पेटीच्या तळातून आमची रेकॉर्ड काढली. धुतली, फिरवली, फडक्याने टिपली. काठाला तळव्यांनी धरतात, बोटं लागू देत नाहीत. लावली. मग रिकाम्या खुर्चीकडे बघत उभे.

मी हात पदराला पुसले आणि जाऊन बसले खुर्चीत.

"तुझा काय काम हय?"

"लावलात मां? ऐकतंय."

गाणं ऐकलं पुरतं. एवढं स्वच्छ नवी असतानाही नव्हतं. दोन ओळींच्या मधे गाणारी बाई श्वास घेते तोसुद्धा ऐकू आला. संपल्यावर हे वाकले, आवाज खाली आणून विचारलं, "कसा वाटता?" आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. आता कळलं असं का बघतात, पण बघितलं. इतक्या वर्षांत इतकं नीट कधी बघितलं नव्हतं.

सगळे शब्द सावकाश उच्चारून म्हटलं, "मदी जरा कचकचता. परत घाला."

घातली. नंतर परत एकदा म्हटलं, परत घातली. जेवायला उशीर झाला. कानांबद्दल मी काही बोलले नाही, तेही नाहीत.

शुक्रवारी फि. येईल. ही रेकॉर्ड लावली तर एकदा ऐकूनच सांगेल की हिच्यात कचकच नावाला नाही. झगा तोवर पुरा करून मीच तिच्या घरी पोचता करीन म्हणते, म्हणजे त्या दिवशी तरी ती इथे यायला नको. वेताची खुर्ची आत माझ्या शिलाई मशीनपुढे आणून ठेवली आहे.