न फवारायची झाडं

सर, परवा तिसऱ्यांदा औषध मारलं आणि आज सकाळी आंब्याचा मोहोर पांढऱ्या कागदावर झटकला, तर फुलकिडे चालताहेत. झटकून बघायची ही रीत तुमचीच. पूर्वी कागदावर मेलेले पडायचे, आता कडेवरून माझ्या बोटावर चढतात. मोहोर काळा पडून गळतोय. गेल्या वर्षीही असाच गेला. यंदाही गेला तर कलमं तोडून लाकूड विकायचं, असं यजमानांनी ठरवलं आहे. पालीच्या लाकूडवाल्याला ते सांगूनही आलेत.

मला आपली कापसाची सहल आठवते. आम्ही कोकणातली मुलं, उभा कापूस पहिल्यांदाच बघणारी. अळीला मारणारं विष अंगातच घातलेला तो नवा कापूस. त्याच्या बियाण्याबरोबर साध्या बियांची वेगळी पुडी यायची, ती कडेने पेरायची. तुम्ही शेतकऱ्याला विचारता, "पुडी कुठाय?" तो म्हणतो, "ती व्हय? दिली उकिरड्यावर टाकून. अळी काय जावई हाय माझी, पोसायला?" सगळे हसतात, मी सगळ्यांत मोठ्याने. तुम्ही गर्रकन वळता. "हसतेस काय? तुमच्या घरी जेवणाआधी ताटाबाहेर चित्राहुती घालतात ना? त्या चार शितांनी कुणी उपाशी राहिलंय?" मग तिथेच ढेकळांत बसून समजावता, की विष पचवणाऱ्या एखाद्या अळीला जोडीदार साधा मिळाला पाहिजे, म्हणजे पुढची पिढी विषाने मरते. साध्या उरल्याच नाहीत, तर मग पचवणाऱ्यांचंच राज्य. तसंच झालं, सर. त्या कापसाच्या बोंडांत आता गुलाबी अळी खुशाल वाढते. ते बघायला तुम्ही राहिला नाहीत.

म्हणून यंदा मी हट्ट धरला, बांधाकडची रायवळ, बाठ्यातून आपसूक उगवलेली झाडं फवारायची नाहीत. यजमान म्हणाले, "अगो, तिकडचे किडे इकडे येतील, तेव्हा तुझे सर येणारेत काय हाकलायला?" मी बधले नाही. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. शेवटी कंटाळून म्हणाले, "कर तुला काय करायचं ते. नाहीतरी तोडायचीच आहेत."

आज दुपारी दुसरं औषध आणून पुन्हा पंप लावला. कलमं झाली. फवारणारे नळी गुंडाळायला लागले. मी बांधावर उभी होते. रायवळाच्या मोहोरावर किडे नुसते वळवळत होते, आणि पलीकडे आमच्या कलमांवर एवढ्या विषातून थोडी फळाची कणी धरलेली दिसत होती, मुगाएवढी. मी ओरडले, "थांबा! इकडेही मारा. एक झाड सोडू नका." यजमानांनी नळी पुन्हा उलगडायला घेतली.

हे पत्र मी कुठे ठेवणारही नाही, चुलीत घालीन. तुम्ही वाचलं असतंत तर आधी कारण विचारलं असतंत, आणि मी काहीतरी शास्त्रीय सांगितलं असतं. ते खोटं झालं असतं. मला भीती वाटली, सर. दुसरं काही नाही.