ह्यांचा डिझेलचा हट्ट

२ डिसेंबर २००१, रविवार
गाडी घ्यायची, हे एकदाचं ठरलं. जुनीच. नवी घ्यायला आपण काय साखर कारखान्याचे चेअरमन लागून गेलो न्हाय. ह्यांना उद्यमनगरातल्या कारखान्यातनं रिटायर होऊन दसऱ्याला वर्ष झालं, हातात वेळच वेळ. आता भांडण एकच. पे. की डि.?
मी म्हणते पेट्रोल. गाडी लहान, हलकी, मला झेपेल. सुट्टीत ड्रायव्हिंग शिकले, लायसन काढलं, ते काय कपाटात पुजायला? मला म्हायेरला, अव्वाकडं, माझ्या आईकडं जायचंय. दर रविवारी, माझं मी.
हे म्हणतात डिझेल. का? तर "डिझेल ते डिझेल." झालं! उभा जन्म ऑइल इंजिनांच्या टेस्टिंगला काढला, दुसरं काय सुचणार.

५ डिसेंबर, बुधवार
शाळेतनं येताना शाहूपुरीत दस्तगीर मामूकडं डोकावले. जुन्या गाड्यांचा एजंट, ह्यांचा जुना दोस्त. दोन गाड्या आहेत म्हणाला. पांढरी ॲम्बॅसिडर, डि. लाल एट हंड्रेड, पे. दोन्ही उचगावला, त्याच्या घरामागच्या शेडमध्ये.
"वैनी, रोजचं लांबचं पळणं असंल तर डिझेल घ्या. ॲव्हरेज देतंय. पर जुन्या डिझेलचं काम निघालं की रडवतंय. आठवड्यातनं एकदा म्हायेरला जायला डिझेल कशाला?"
शहाणा माणूस. घरी येऊन तसंच्या तसं ऐकवलं. पेपरातनं मान वर नाही.

७ डिसेंबर, शुक्रवार
कुकर लावला, शिट्ट्या झाल्या की बंद करा म्हणून सांगितलं आणि शेजारी विरजण मागायला गेले. तिथं गप्पा. परत आले तर जिन्यापर्यंत करपल्याचा वास, आणि हे कुकरपासून हातभर अंतरावर शब्दकोडं सोडवत बसलेले! काय काय बोलले ते लिहीत नाही. हे नुसते हसले. मग स्वतःच कुकर घासायला बसले, बाह्या वर करून. हसू आलं, पण दाखवलं नाही. जेवायला भाकरी आणि ठेचा.

८ डिसेंबर, शनिवार
अव्वाचा फोन, गावातल्या दुकानातनं. "यावाग बरती? यावाग बरती?" कधी येऊ गं बाई? हुपरीपर्यंत एक एसटी, हद्दीपलीकडं कानडी मुलखात जायला दुसरी, तीही आली तर आली. तिला आता उंबरा ओलांडायलाही काठी लागते. फोनपर्यंत कशी गेली कोण जाणे. इकडं राहायला ये म्हटलं तर म्हैस आडवी येते.

९ डिसेंबर, रविवार
उचगावला जाऊन आलो.
आधी ॲम्बॅसिडर. सुरू झाली तशी अख्खी शेड हालली. हे बॉनेटवर तळहात ठेवून डोळे मिटून उभे. मग म्हणाले, "तिसऱ्या नोझलला त्रास हाय." मामू म्हणाला, अण्णा, फिटरला कळायला दोन दिवस लागले ते तुम्ही उभ्या उभ्या सांगितलं! माझीच मान ताठ झाली. पण ते स्टेअरिंग! फिरवायला तालमीतला गडी पायजे.
मग लाल. हे बसले, किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. हे तसेच बसून. पुन्हा किल्ली फिरवली, खर्रर्र! मामू ओरडला, "अण्णा, चालूच हाय की!" हे हसले, "असली कसली ही मुकी गाडी?" मी पण हसले.
रस्त्यावर घेतली. मागं ट्रक, हॉर्नवर हॉर्न. हे आपले मधनं. मामू मागनं बोंबलतोय, हे मधनंच. शेवटी मी दंड धरून हलवला तेव्हा डावीकडं घेतली. ट्रक आरशाला घासायचा राहिला.
घरी आल्यावर म्हणतात, "पेट्रोलची गाडी पोटातलं कळू देत न्हाय. डिझेल कसं, तोंडावर बोलतंय."
मला भीती वाटली होती.

११ डिसेंबर, मंगळवार
वर्गात पोरी पाढे म्हणत होत्या आणि कुकर, किल्ली, ट्रक सगळं एका ओळीत उभं राहिलं. दिवसभर शिकवण्यात लक्ष नाही.
संध्याकाळी हे ओट्याशी पाठमोरे बसून मटार सोलत होते. मागं उभं राहून मुद्दाम स्टीलची ताटली फरशीवर सोडली. केवढी वाजली! गोल गोल नाचत थांबली. शेजारच्या वहिनींनी खिडकीतनं विचारलं, काय पडलं हो?
हे मटार सोलतच होते.
खाली बसून रडले. आवाज करून रडले, काय फरक पडणार होता? मग ताटली धुऊन ठेवली.

१३ डिसेंबर, गुरुवार
पूजा आटोपून हे चहाला बसले तेव्हा समोर बसून सरळ विचारलं. कधीपासनं?
आधी "कशाचं कधीपासनं?" मग कप खाली ठेवला.
"बरीच वर्सं झाली. टेस्टिंगला आठ-आठ इंजिनं एकदम धडाडायची, कान काय लोखंडाचे हायत?"
"आणि कारखान्यात कुणाला कळलं न्हाय?"
"शेवटी शेवटी मी इंजिन ऐकतच न्हवतो. हात ठेवून सांगायचो. चुकलं एकदा बी न्हाय, मग कळणार कसं?"
"आणि मी बोलते ते?"
"तुझं तोंड बघून कळतंय. भांडताना तर लई स्पष्ट."
मेल्याला अशा वेळीही थट्टा सुचते! हसले आणि डोळे पुसले.
मग म्हणाले ते तसंच उतरवते. "पेट्रोलमध्ये बसलो की मी कुठंच न्हाय बघ. चालू हाय का बंद, कळत न्हाय. डिझेल पायाला कळतंय, बुडाला कळतंय. तेवढी एक गाडी तरी मला चालवू दे की."
पहिल्या तासाला उशीर झाला. मुख्याध्यापिका बाई बोलल्या. बोलू देत.

१५ डिसेंबर, शनिवार
पे. की डि., आता ॲव्हरेजचा प्रश्नच राहिला नाही.
डि. घेतली तर हे चालवणार. इंजिन कळेल ह्यांना, पण मागच्या ट्रकचा हॉर्न? तो काय बुडाला कळणार हाय? पे. घेतली तर मी चालवणार, अव्वा भेटणार, आणि हे शेजारी पावण्यासारखे मांडीवर हात ठेवून बसणार. ज्या हाताखालनं निम्म्या जिल्ह्याच्या विहिरींवरची इंजिनं गेली, तो हात.
कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं. "कानात मशीन घालून तालमीपुढनं जाऊ? भैरा अण्णा म्हणतील!" ताट सरकवलं. जरा वेळानं दही मागितलं. म्हणजे राग गेला.
मामूचा निरोप, लाल गाडीला दुसरं गिऱ्हाईक आलंय, उद्यापर्यंत सांगा.
हा माणूस मला फार आवडतो. इथंच लिहून ठेवते. तोंडावर सांगितलं तर चढून बसेल.

१६ डिसेंबर, रविवार
दिवस उगवायच्या आत ह्यांनी उठवलं. "चल उचगावला. मामूला सांगू नगंस. गिऱ्हाईक यायच्या आधी हे लोक गाडी गरम करून ठेवत्यात. थंड इंजिन खोटं बोलत न्हाय." ह्यांच्यामागं लुनावर बसून गेले. गारठा असा की नाक जागेवर आहे का चाचपत होते.
मामू तोंडात ब्रश घेऊनच बाहेर आला. ह्यांनी लाल गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. "बस. चालू कर."
सुरू झाली. ह्यांनी बॉनेट उघडून इंजिनावर हात ठेवला. डोळे मिटले. बराच वेळ. मग हात काढला आणि कळत न्हाय अशी मान हलवली. माझ्याकडं बघितलं. मग मामूकडं.
"मामू, मला ऐकू येत न्हाय. लई दिवस झाले."
मामूचा ब्रश तोंडातच राहिला. मला वाटलं, आता ह्यांना घेऊन घरी जावं. पण हे मलाच बोलवत होते. "ये इकडं. तू ऐक अन् मला सांग."
"अहो, मला काय कळतंय त्यातलं?"
"मागल्या बाकावरची कुजबुज कळती की तुला. ऐक."
पदर खोचला आणि डोकं बॉनेटखाली घातलं. आधी नुसती घरघर. मग सापडलं, तशी ह्यांच्याकडं तोंड करून सांगितलं.
"टिकटिक हाय एक. मधेच वाजती, मधेच जाती."
"वरनं का खालनं?"
"वरनं. ह्या अंगानं."
"मामू, रेस दे. आता?"
"गेली!"
काय सांगू, माणूस फुलला! किती दिवसांनी तो चेहरा बघितला. "व्हाल्वचं सेटिंग! किरकोळ हाय! आणिक ऐक." तसंच ओढत ॲम्बॅसिडरपाशी नेलं. ती धडाडली. ह्यांनी स्वतःचा तळहात ठेवला, शेजारी माझा ठेवला. "मला हाताला लागतंय ते तुला कानाला लागतंय का बघ." मी कान दिला. खरंच, तीन ठोके नीट आणि एक लंगडा. बोटं करून दाखवली. हे मान डोलवत होते आणि माझ्या तोंडावरची नजर हलत नव्हती.
मामू ह्यांच्यापुढं येऊन उभा राहिला, तोंड मोठं करून, एकेक शब्द सुटा. "अण्णा, ते गिऱ्हाईक यायला लागलंय. काय ते ठरवा. पेट्रोल का डिझेल?"
ह्यांनी ओठावर बोट ठेवलं.
"थांब की जरा. ती ऐकतीया."